मुलाण्याचा मान

कुरणवाडीत मुलाण्याचं घर एकच. विट्याच्या पलीकडे उसाचं हिरवं मागे पडून कुसळांचा माळ लागतो, तिथलं हे गाव. मराठ्यांची वस्ती मोठी, माळाच्या अंगाला धनगरांचे वाडे, आणि वेशीजवळ हे एकटं घर. पण एकटं म्हणून कमी नव्हे. मरगूबाईची जत्रा असो, कुणाचा नवस असो की पाहुण्यांचा मुक्काम असो, मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय बकरं चुलीवर चढत नसे. तसं का, हे गावात कुणाला सांगता आलं नसतं, आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. देवी मराठ्यांची, बकरं धनगराचं, बिस्मिल्ला मुलाण्याचा आणि रस्सा सगळ्यांचा, असा तो सरळ हिशेब होता. बकरं सोललं की काळीज आणि फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, केळीच्या पानाखाली झाकून वेशीजवळच्या घरी जायचा. त्याला गाव मुलाण्याचा मान म्हणायचं.

नबीलाल हा त्या घरातला एकुलता एक. बाप मौलाभाई खमक्या माणूस. तो सुरी चालवायचा आणि नबीलालने बकऱ्याचे पाय धरायचे. पंचविशी आली तरी पायच धरतोय, म्हणून पोरगं वैतागलं. एका जत्रेनंतर बापाशी हुज्जत घालून ते निघालं ते थेट मुंबईच्या गोदीत. तिथे रत्नागिरीकडच्या खलाशांनी त्याला बोटीवर भंडाऱ्याच्या हाताखाली लावलं. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. माळावरचा माणूस, ज्याने विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, तो आता समुद्रावर भाकरी थापू लागला. नशीब माणसाला कुठे नेऊन बसवील, सांगता येत नाही.

लढाई सुरू झाली. एकेचाळीस साली जर्मनांच्या पाणबुडीने त्याची बोट फोडली. नबीलाल एका फळकुटाला धरून तरंगत राहिला, आणि वाचलेल्या मूठभर खलाशांबरोबर विलायतेतल्या कार्डिफ बंदरावर उतरवला गेला. तिथे धुराने काळवंडलेल्या घरांची एक आळी होती, आणि ती आळी सगळी मुसलमानांची. हे पाहून नबीलालला रडू आलं. थंडीने बोटं वाकडी झालेली, अंगावर कुणीतरी दिलेला ओव्हरकोट, आणि कानावर चक्क अजान! आता आपण आपल्या माणसांत आलो, असं त्याला वाटलं.

भोळाच होता तो. कुरणवाडीत मुसलमानांचं घर एक, त्यामुळे मुसलमान म्हणजे सगळे एकच, असा त्याचा समज. या आळीत त्याचे डोळे उघडले. इथे एडनकडचे येमेनी होते, उंचेपुरे सोमाली होते, सिल्हेटचे बंगाली होते, मलायाचे होते, फेरीवर कपडे विकणारे पंजाबी होते, आणि दारूच्या गुत्त्यात बसून अल्लाची शपथ घेणारे दोन तुर्कही होते. नमाजाला उभे राहिले की येमेन्यांचे हात मोकळे लोंबत, सोमाल्यांचे छातीवर, बंगाल्यांचे बेंबीखाली. एकाने आमीन मोठ्याने म्हटलं की दुसरा कपाळाला आठ्या घाली. येमेनी सोमाल्याला पोरगी देत नसे. सोमाली बंगाल्याला मासेखाऊ म्हणून हिणवी. बंगाली पंजाब्यासमोर पैशाची पिशवी लपवी. आणि सगळ्यांच्या घरांत गोऱ्या बायका, ज्या डोक्याला रुमाल बांधून कोबीत हळद घालत आणि सोनेरी कुरळ्या केसांच्या पोरांना कुराण शिकायला पाठवत. घरोघरी मातीच्या चुली, नबीलाल मनाशी म्हणाला. आमच्या गावात मराठा-धनगर जेवढी नाकं मुरडत नाहीत, तेवढी हे नमाजाच्या एका रांगेत उभे राहून मुरडतात.

तो राहत होता शेख सालेहच्या खानावळीत. सालेह येमेनी, त्या आळीचा मोठा माणूस, दाढी मेंदीने लाल. एके काळी मुंबईच्या गोदीत होता, त्यामुळे मोडकी हिंदुस्तानी बोलायचा. नबीलाल त्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. सालेहची मुलगी मरियम, आई गोरी, बाप अरब. तिला नबीलालच्या हातचं तिखट कालवण आवडायचं आणि नबीलालला ती. एकमेकांची भाषा दोघांनाही धड येत नव्हती, पण त्यावाचून काही अडत नव्हतं. सालेहने पाहिलं आणि रागावला नाही, हे विशेष.

रागावला नाही, कारण त्याच्या मनात वेगळंच होतं. लढाईमुळे मटण मोजून मिळायचं. डोंगरावरच्या एका शेतकऱ्याशी सालेहने सूत जमवलं होतं, ईदेला मेंढ्या मिळणार होत्या. पण कापायच्या कुणी? येमेन्याने कापल्या तर सोमाली कुरकुरणार, सोमाल्याने कापल्या तर येमेनी. दोन ईदा याच भांडणात गेल्या होत्या. सालेहच्या डोक्यात नबीलाल आला. हा कुणाच्याच गटातला नाही, म्हणून सगळ्यांना चालेल. बरं, पिढीजात काम. सालेहने सगळ्या गटांचे म्हातारे खानावळीत बोलावले, चहा दिला, आणि नबीलालला समोर उभं केलं. याला आपण आळीचा खाटीक करू, मागच्या बाजूची खोली याला देऊ, आणि पुढेमागे हा माझा जावई होईल, असंही तो बोलून गेला. आतल्या दाराआड मरियम उभी होती.

एका सोमाली म्हाताऱ्याने सालेहमार्फत सहज विचारलं, “तुमच्याकडे कुणासाठी कापायचास?”

नबीलालने छाती काढून सांगितलं, आपण नुसते पाय धरायचो हे तेवढं गाळलं. मरगूबाईच्या जत्रेला कापायचो, म्हसोबाला कापायचो, धनगरांच्या बिरोबाला कापायचो. माझा बाप कापतो, आजा कापायचा. देवीच्या दारात पहिला मान आमच्या सुरीचा. आणि मोहरमात आमचा ताबूत मराठे खांद्यावर घेतात, पाटील स्वतः पुढे नाचतो. एवढं मोठेपण आपण सांगतोय म्हटल्यावर म्हातारे खूश होतील, असं त्याला खरंच वाटत होतं.

सालेहने चहाचा पेला खाली ठेवला. मग जो गलका उठला तो काही विचारू नका. मूर्तीच्या दारात? मूर्तीच्या नावाचं बकरं, आणि त्यावर अल्लाचं नाव? ज्यांचं नमाजात हात कुठे ठेवायचे यावर कधी एकमत झालं नव्हतं, त्या साऱ्या जमातींचं त्या दिवशी एका गोष्टीवर बिनविरोध एकमत झालं. हा नबीलाल मुसलमान नाही.

सालेह वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना शांत करून वाट काढली. शुक्रवारी सर्वांसमोर उभा राहा, ते सगळं मटण मुरदाड, म्हणजे हराम, होतं असं कबूल कर, तौबा कर, पुन्हा मूर्तीच्या दारात सुरी धरणार नाही म्हण. मग खोली तुझी, काम तुझं, पोरगी तुझी. चार शब्दांचं काम.

शुक्रवारी नबीलाल उभा राहिला. बाँबने अर्धं छप्पर उडालेली ती नमाजाची जागा गच्च भरली होती. तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर बाप आला. सुरी चालवण्याआधी बकऱ्याला पाणी पाजणारा, त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा. जत्रेच्या मांडवात पंगती बसल्या की हा माणूस सगळं गाव जेवून उठेपर्यंत कौतुकाने बघत उभा राहायचा. त्याने गावाला जन्मभर मुरदाड खाऊ घातलं असं म्हणायचं? आणि गावाने ते खाल्लं असं? नबीलालला ते जमेना. “माझ्या बापाच्या हातचं हलाल होतं,” एवढंच तो म्हणाला आणि बूट घालून बाहेर पडला.

त्याच दिवशी त्याची वळकटी खानावळीच्या दाराबाहेर आली. पुढची वर्षं त्याने सिल्हेटवाल्यांच्या तळघरात ओल्या भिंतीला पाठ लावून काढली आणि गोदीत कोळसा उपसला. तेही त्याला वेगळ्या ताटात वाढायचे. मरियमचा निकाह एका सोमाली खलाशाशी झाला. शेवटी येमेन्याने सोमाल्याला पोरगी दिली, पण नबीलालला दिली नाही, इतका तो हलका ठरला. छाती कायमची खोकल्याने धरली. पण मनात एक गोष्ट धरून तो तगला. माझं गाव आहे. तिथे मला कुणी विचारत नाही तू कसला मुसलमान. तिथे मी मुलाणी आहे, बस्स.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात तो परत आला. बाप वारला होता. आई जैतूनबी एकटीच दळण दळून जगत होती. मौलाभाईचं गावाने सगळं नीट केलं होतं, मराठ्यांनी खांदा दिला होता. बेचाळीसच्या चळवळीत उसात लपलेल्या पोरांना मौलाभाईने रात्री-अपरात्री बकरं कापून जेवू घातलं, हे लोक आवर्जून सांगत. तो गेल्यापासून शेजारच्या गावचा मुलाणी येऊन जत्रेचं काम उरकून जाई.

नबीलालचं कौतुक झालं. चावडीपुढे बसवून लोकांनी त्याला विलायतेच्या गोष्टी विचारल्या. त्याचा लहानपणचा सोबती सयाजी तर उठूच देईना.

“म्हंजी तितं बी तुमच्यात जाती हायत?” सयाजीने डोळे मोठे केले. “आन् आमी समजत हुतो, मुसलमान म्हंजी सगळं एका माळंचं मणी.”

“मला बी तसंच वाटायचं गड्या,” नबीलाल म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले. कार्डिफ सोडल्यावर तो पहिल्यांदाच असा हसला असेल. तौबेची गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. आपण गावासाठी काही केलं, हे गावाला सांगायचं असतं होय?

पण वारं फिरलं होतं, आणि त्याला ते दिसलं नाही. म्हणजे दिसलं, पण त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं. फाळणीच्या बातम्या येत होत्या. निजामाच्या मुलखातून रझाकारांच्या गोष्टी तिखटमीठ लावून येत होत्या. गांधींना मारलं तेव्हा जवळच्या गावांत ब्राह्मणांची घरं जळाली, त्या धुराकडे बघत वेशीवर उभं राहून कुणीसं म्हणालं, आज यांची, उद्या आणखी कुणाची. नबीलाल तिथेच उभा होता. बोलणाऱ्याने त्याला पाहिलं आणि विडीला काडी मागितली. मग काय, आपल्याला उद्देशून नाही म्हणाला, असं समजून नबीलाल घरी आला.

चैत्र आला. मरगूबाईची जत्रा तोंडावर. नबीलालने बापाची सुरी वळचणीतून काढली, गंज घासला, धार लावली. आई जैतूनबीने नवं धोतर आणि पटका काढून ठेवला. जत्रेच्या सकाळी आंघोळ करून तो देवळात गेला, तर पारावर पंच मंडळी आधीच जमलेली. मधे म्हातारे पाटील लालासाहेब. त्यांच्या बाजूला भाऊसो, फौजेतून नुकताच सुटून आलेला, अंगात खाकी शर्ट. त्याच्या मांडीवर आडवी तलवार. नबीलालने तलवार बघितली आणि त्याला वाटलं, मिरवणुकीची असेल.

“बस नबीलाल,” लालासाहेब म्हणाले. ते खाली मान घालून पानाला चुना लावत होते. “तुज्यावर राग न्हाई कुणाचा. तुजा बाप म्हंजी माज्या पाठचा भाऊच. पर औंदा पोरांचं म्हणणं पडलं, का बकरं भाऊसोनं कापायचं. येका घावात. फौजंत तसंच करत्यात म्हणं.”

नबीलालला आधी काही कळलंच नाही. मग तो म्हणाला, “आवं पाटील, पर देवीला तर...”

“देवी कवा म्हणली, मुलाणीच पायजे म्हणून?” भाऊसो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “नबीलाल, मी पंजाबात हुतो. आगगाड्या आल्यात माज्या फुडनं. दार उघडलं की आतलं... जाऊ दे. ते बगितल्यापास्नं कुणी मान धरून सुरी फिरवाय लागलं की मला बसवत न्हाई. तू काय केलं न्हाईस, म्हाईत हाय मला. पर मला बसवत न्हाई.”

खोटं बोलत नव्हता तो. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

“मी पंजाबात न्हवतो भाऊसो,” तो म्हणाला. “मी तिकडं विलायतंत हुतो. तितं मला सगळ्यांनी मिळून सांगितलं, तुज्या गावच्या देवीचं मटण मुरदाड म्हण, तर तुला घर देतो, बायकू देतो. म्या न्हाई म्हणलं. गावासाठी न्हाई म्हणलं. तवापास्नं कोळसा उपसला, तळघरात कुजलो.” जे सांगायचं नाही म्हणून ठेवलं होतं, ते असं पारावर भिकाऱ्याच्या झोळीसारखं उलटं झालं.

एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी, अगदी निष्पाप कुतूहलाने, विचारलं, “पर तुला आमी कवा सांगितलं हुतं, न्हाई म्हण म्हणून?”

दोघे-चौघे हसले. वाईट बुद्धीने नव्हे, प्रश्न रास्त होता म्हणून. गावाला काय माहीत, गावासाठी कुणी कुठे काय सोडलंय. आणि माहीत असतं तरी गावाने काय केलं असतं, हे मला तरी विचारू नका.

एकटी बयाबाई बोलली. लालासाहेबांची आई, नव्वदीची म्हातारी, काठी टेकत देवळाच्या पायरीवर बसलेली. “कापाय कुणी बी कापा,” ती ओरडली, “पर मुलाण्याचा मान चुकवाल तर देवी निर्वंश करंल. काळीज आन् फरा मुलाण्याच्या घरी गेलाच पायजे. माज्या सासूच्या आदीपास्नं जातुया.”

लालासाहेबांच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला. “गेलाच पायजे,” ते म्हणाले. “मानाला कोण धक्का लावतंय? सयाजी, तू सोता नेऊन दे.” सगळ्यांनी माना हलवल्या. तोडगा सगळ्यांनाच पसंत पडला. नबीलालला कुणी विचारलं नाही.

बकरं कापलं तेव्हा नबीलाल घरात होता. ढोलांचा आवाज एकदम चढला आणि एकदम थांबला, त्यावरून त्याला कळलं. आई चुलीपुढे बसली होती.

दुपार कलायच्या आधी सयाजी आला. कपाळाला भंडारा, हातात पितळेची परात, वर केळीचं पान. पान उचलून त्याने परात पुढे केली. काळीज अजून ओलं होतं.

“घे गड्या. सगळ्यात आदी तुजं काडलं बग.”

जैतूनबी उठून भिंतीपर्यंत मागे सरली. “ये हलाल नै,” ती मुलाला हळूच म्हणाली. “बाहर से बाहर वापस कर.”

परत कर म्हणणं तिला सोपं होतं. नबीलाल परातीकडे बघत उभा राहिला. परत केलं तर संध्याकाळच्या आत सगळ्या जत्रेत होणार, की मुलाण्यानं देवीचा मान लाथाडला. यंदाच्या वर्षात ते परवडणारं नव्हतं. घेऊन कुत्र्याला घातलं तर ते याहून वाईट. वेशीवरच्या घराला आडोसा नसतो. आणि खरं सांगायचं तर ही भीती हे एकच कारण नव्हतं. मान आलाय, म्हणजे अजून दोरी तुटलेली नाही, असं त्याला वाटत होतं. आज मी हे घेतलं, तर उद्या भाऊसोचं मन शांत झाल्यावर, लोकांना आठवण झाल्यावर, सुरी परत मागता येईल. नातं टिकलं पाहिजे. कार्डिफात त्याने नातं टिकवण्यासाठी तौबेला तोंड मिटलं होतं. इथे ते घासाला उघडायचं, इतकंच.

“अम्मा, चूल पेटव.”

“मेरे घर में ये नै पकेगा.” तिने डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला.

मग त्याने परात रिकामी करून घेतली आणि स्वतःच चूल पेटवली. भंडाऱ्याचा हात होता त्याचा, कांदा-लसूण वाटून काळीज तव्यावर टाकायला वेळ लागला नाही. सयाजी उंबऱ्यावर बसून जत्रेतल्या कुस्त्यांचं सांगत होता. वास सुटला तशी जैतूनबी मागच्या दाराने बाहेर गेली आणि न्हाणीजवळच्या दगडावर तोंड फिरवून बसली. नबीलालने ताटलीत वाढून घेतलं. थोडं सयाजीला दिलं. स्वतःचा घास उचलला, सवयीने तोंडात बिस्मिल्ला आला, तो त्याने गिळला आणि घास तोंडात घातला. लहानपणापासून खाल्लेली तीच चव होती. तेच गावचं बकरं, तोच माळाचा पाला खाऊन वाढलेलं. तरी तो घास जिभेवर दगडासारखा बसला.

सयाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि सयाजीचा चेहरा फुलला. त्याने आपल्या वाट्याचं चाटूनपुसून खाल्लं आणि मांडीवर थाप मारली.

“बग! मी म्हणत हुतो का न्हाई! लालासाहेबास्नी घोर पडलेला, नबीलाल खाईल का न खाईल, त्येच्यात हे चालतंय का न्हाई. बयाबाई म्हातारी तर सकाळधरनं पाण्याचा थेंब घेईना. म्हणली, मुलाणी खाईल तवाच मी खाईन, न्हाई तर फुडल्या सालापास्नं परत मुलाण्याच्याच हातचं. मी म्हणलं, नबीलाल आपला मानूस हाय, त्येला काय फरक पडत न्हाई.” तो उठला, परात उपडी करून झटकली. “जातो आन् सांगतो सगळ्यास्नी. आता इतनं फुडं भाऊसोच कापील दर साली. कायमचा इषय मिटला बग.”

परात काखेत मारून तो निघाला. नबीलालच्या तोंडात घास तसाच होता. थुंकावा, तर सयाजी अजून अंगणातच होता.